कासव की रानमधमाशी, धोका कोणाला जास्त?

मृणाल_दापोली: आठवीच्या मुलांकडून धोक्यात आलेल्या जिवांवर प्रकल्प करून घेतेय. एका गटाने ऑलिव्ह रिडले कासव घेतलं, दुसऱ्याने रानातली सातेरी मधमाशी. कासवाची माहिती ढिगाने मिळाली. माशीची शोधायला गेलं की मध आणि पेट्याच समोर येतात. तुलना कुठून सुरू करू?

किनारकर: कासवापासून. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत घरटी राखायला सुरुवात केली. मादी वाळूत दीडेक फूट खड्डा करून शंभरावर अंडी घालते. कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवायला ती कुंपणाआड हलवतात, साधारण ५० दिवसांनी पिल्लं निघतात. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, नाव आहे. तरी जाळ्यात अडकून मरणं सुरूच आहे, आणि वाळू फार तापली तर माद्याच जास्त निपजतात.

बागवाला_आबा: मृणालताई, माझी आंबा-काजूची बाग आहे आणि किनाराही जवळ, त्यामुळे दोघांनाही पाहत आलोय. कासवाला राखणदार मिळाला, माशीला मिळाला नाही. खरा फरक तिथे आहे. कासवीण रात्री येऊन गेली की पहाटे पुळणीवर तिचा माग दिसतो, घरटं मोजता येतं. सातेरी राहते जुन्या झाडाच्या ढोलीत, गडग्याच्या फटीत, वारुळात. पोकळ झाड काय कामाचं म्हणून तोडलं, की आतलं पोळं गेल्याची नोंद कुठेच होत नाही.

आमच्या बांधावर ऐनाच्या ढोलीत एक पोळं आहे. भोकाच्या तोंडाशी दोन-तीन माश्या पंख हलवत वारा घालत असतात, आत शिरणाऱ्यांच्या मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे. मोहोर फुललेला असताना कुणी भर सकाळी विषारी औषध मारलं, तर यातल्या कामकरी माश्या बागेतच मरतात, परतत नाहीत. पोळं आतून रिकामं होत जातं, मग मेणकिडा शिरतो. हे मला फार लागतं, कारण संध्याकाळी फवारलं तरी यातल्या बऱ्याच वाचतात.

निखिल_चिपळूण: पण सातेरी पेटीत पाळतात ना? मग धोका कसला?

बागवाला_आबा: पेटीतल्या वसाहती बहुतेक रानातूनच पकडून आणलेल्या असतात, भाऊ. रान रिकामं झालं तर पेटी कशाने भरणार? १९९०च्या दशकात माशीच्या अळ्या मारणाऱ्या थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतींच्या वसाहती बसल्या. शिवाय जगात मधमाश्यांच्या २०,००० हून जास्त जाती आहेत. बहुतेक एकट्या राहतात, मध साठवत नाहीत, मातीत नाहीतर पोकळ काडीत घर करतात. त्यांना पेटी नाही, राखणदार तर नाहीच.

मृणालताई, मुलांना परसातल्या वांग्याच्या फुलांपाशी सकाळी बसवा. निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून जोरात गुणगुणते आणि पराग झटकून घेते. किती वेळात किती आल्या ते लिहू दे त्यांना, आणि पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच जागी पुन्हा मोजावं.