आमदारकीला मुदतींची मर्यादा असावी का?

गंगापूररोडकर:
सहकारी बँकेच्या संचालकाला सलग किती वर्षे पदावर राहता येईल, याला कायद्याने मर्यादा घातली आहे. 2020 मध्ये ती आठ वर्षांची होती, 2025 मध्ये दहा झाली. मग जिल्ह्यातील तेच पुढारी पाच-पाच वेळा विधानसभेत जातात, तेव्हा आमदारकीलाच मर्यादा का नसावी? राज्य सरकारला असा कायदा करता येईल का?

पंचवटीकर:
राज्याला एकट्याने करता येणार नाही. राज्यघटनेच्या कलम 173 मध्ये उमेदवाराचे किमान वय 25 वर्षे ठरवले आहे आणि अधिकच्या पात्रता ठरवण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. कॅलिफोर्नियात 1990 मध्ये ही मर्यादा थेट जनमताने आली. आपल्याकडे तो मार्गच नाही.

सिन्नरचा शेतकरी:
त्याच कॅलिफोर्नियात कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला सहाच वर्षे मिळत, आणि 2012 मध्ये मतदारांनीच नियम बदलून दोन्ही सभागृहांत मिळून बारा वर्षांची मुभा दिली. मला हे महत्त्वाचे वाटते, कारण गंगापूर आणि दारणा धरणांतून जायकवाडीला पाणी सोडण्याची वेळ येते तेव्हा समन्यायी पाणीवाटपाचा 2005 चा कायदा, धरणांतील साठ्याचे आकडे आणि आवर्तनांचे वेळापत्रक तोंडपाठ असलेला आमदारच अधिकाऱ्यांना जाब विचारू शकतो. पहिल्या मुदतीत हे कळू लागते न लागते तोच त्याला घरी पाठवले, तर कारभार सचिवांच्या हाती जाईल. सांगोल्याने गणपतराव देशमुखांना 11 वेळा निवडून दिले, आणि 1972 व 1995 मध्ये पाडलेही. मतदाराचा हा अधिकार मी कायद्याच्या हवाली करणार नाही.

सिडकोतील मतदार:
दादा, तुमचे पाण्याचे म्हणणे पटते, पण मतदाराला निवड तरी कुठे मिळते? प्रभाग महिलांसाठी राखीव झाला की मावळत्या नगरसेवकाची पत्नी उभी राहते आणि फलकावर तिच्यापेक्षा त्याचाच फोटो मोठा असतो. आमदारकीला मर्यादा घातली, तर तिकीट मुलाला किंवा सुनेला मिळेल. त्यामुळे आधी पक्षांना उमेदवारीसाठी सदस्यांचे गुप्त मतदान घेणे बंधनकारक करावे, असे माझे ठाम मत आहे.

गंगापूररोडकर:
घराण्याचा मुद्दा मान्य आहे. तरीही सलग तीन मुदतींनंतर एका मुदतीची सक्तीची विश्रांती, एवढी माफक मागणी मी सोडणार नाही. जाणकार आमदार पाच वर्षांनी परत येऊ शकेल, आणि तोवर तालुक्यातील दुसऱ्या कार्यकर्त्याला तिकीट मागायला जागा तरी मिळेल.