गट लहान हवा, हात कामात हवेत

"समुपदेशक तासभर बोलून गेल्या, पण एकही मुलगी बोलली नाही," असं शाळेत साठ मुलींसाठी ठेवलेल्या समुपदेशनाच्या तासाबद्दल एका ताईंनी लिहिलंय. साठ मुलींसमोर कोण बोलणार हो?

सातपूरच्या एका शाळेत मी आठवी-नववीच्या मुलींना मन मोकळं करता यावं म्हणून एक गट दोन वर्षं चालवला. सात-आठ जणी, आठवड्यातून एकदा, खाली गोल करून बसायचं. पहिले तीन आठवडे नुसती मेंदी, शिवण आणि गप्पा. हात कामात असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही. चौथ्या आठवड्यात एकजण सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, "मॅडम, मला रात्री झोपच येत नाही." लगेच दुसरी, "मला पण." मी गप्प बसले. मला ते फार जड गेलं, शिक्षक ना शेवटी!

फक्त 'प्रॉब्लेमवाल्या' मुली उचलू नका, शिक्का बसतो. आमच्या स्टाफरूममध्ये त्याला 'रडूबाईंचा तास' म्हणायला लागले होते. मग दोन-तीन खेळकर मुलीही घेतल्या.

"इथलं इथेच" हा नियम सांगताना त्याचे अपवादही पहिल्याच दिवशी सांगा. लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो या मुलांच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार (२०१२) तो कळवणं बंधनकारक आहे. कुणी हातावर वार करून घेत असेल किंवा जीव नकोसा म्हणत असेल, तर तो विषय गटात उकलत बसू नका. तिच्याशी एकटीशी बोला, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो. आम्ही तो मुलींना वहीच्या मागच्या पानावर लिहायला लावला होता.