बांगड्याचे तिखले आणि घरची माणसे : आपले अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात गावाहून वाळलेल्या तिरफळांची, म्हणजे कोकणात माशांच्या कालवणात घालतात त्या जीभ झिणझिणवणाऱ्या मसाल्याच्या फळांची, पुरचुंडी आली. वेंगुर्ल्याची आमची आजी मोतीबिंदूमुळे जवळजवळ आंधळी झाली होती, तरी तिखल्याची, म्हणजे माशाच्या तिखट कालवणाची, तिरफळे तिने कधी कोणाला निवडू दिली नाहीत. अंगठ्याचे नख फटीत घालून ती तिरफळ उकलायची, आतली काळी गुळगुळीत बी बोटाला लागली की बाजूला टाकायची आणि टरफल तेवढे वाटीत जमवायची. तिरफळ मसाल्यात वाटायचे नाही, नुसते ठेचून पाण्यात भिजवायचे आणि त्या पाण्यासकट तिखल्यात घालायचे, हा तिचा दंडक होता. मिरची, धणे व हळदीचे वाटण, चार आमसुले, सात-आठ तिरफळे आणि वरून कच्चे खोबरेल, एवढ्यावर तिचे तिखले होत असे. एकदा बांगडे पडले की ती डाव घालत नसे. फडक्याने भांड्याचे काठ धरून हलकेच फिरवत असे. आम्ही मुले लगेच ताटे मांडायचो, तेव्हा ती म्हणायची, ‘तिखला आज रांधूचा नि फाल्या (उद्या) खावचा.’ आपल्याही घरी तिखले होत असेल, तर ते कोणाच्या हातचे आठवते, हे अवश्य लिहावे.

लालबागहून

माझे वडील गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि काही महिन्यांतच आई एका खानावळीच्या पोळ्या लाटायला जाऊ लागली. त्या पावसाळ्यानंतर वडील गावी जाऊन तांदूळ आणि ताजी हिरवी तिरफळे घेऊन परतले आणि आई कामावरून यायच्या आत, आयुष्यात प्रथमच, त्यांनी चुलीचा ताबा घेतला. पाच माणसांत दोन बांगडे होते, म्हणून रस वाढवला होता. बिया मात्र काढायच्या असतात हे त्यांना ठाऊक नव्हते, त्यामुळे तिखले कडू झाले. आम्ही भावंडे मान खाली घालून जेवत होतो. आईने पहिला घास घेतला, वडिलांकडे पाहिले आणि ताटातला सगळा भात त्या रसात कालवून शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. नंतर तिने त्यांना शेजारी बसवून एकेक तिरफळ उकलून दाखवले. वडिलांची गिरणी पुन्हा सुरू झाली नाही, पण पुढे दर रविवारचे तिखले त्यांचेच असे आणि ते आईपेक्षाही चांगले होई, हे मी आज मोकळेपणाने सांगते.

फोंड्याहून

आमच्याकडे बांगड्याची उड्डामेथी होते. उडीद डाळ, तांदूळ आणि मेथीचे दाणे खोबरेलात परतून ओल्या खोबऱ्याबरोबर वाटतात. तिरफळ तिथेही हवेच. आमच्या घरात हे वाटण काकाच करीत, कारण मेथी कधी उतरवायची हे वासावरून त्यांनाच कळे. क्षणभर उशीर झाला तर ती कडवट होते.

बर्गनहून

नॉर्वेत मॅकरेल मुबलक मिळतो. तो आपल्या बांगड्याचाच भाऊबंद असला, तरी बराच तेलकट असतो. तिरफळे संपली तेव्हा मी आशियाई दुकानातून सिचुआन मिरी आणली, जी तिरफळाच्याच कुळातली आहे. जीभ तशीच झिणझिणली, मात्र वासात लिंबाची छटा जास्त निघाली आणि आमच्या अंगणातल्या काटेरी झाडाखालचा तो ओला, रानवट दरवळ काही आला नाही. कॅमेरा पातेल्यावर धरून मी आईला तिखले दाखवले. रंग बरा आहे, असे ती म्हणाली आणि लगेच तिने विचारले, ‘बिया काढल्यास ना?’