पाचव्या दिवशीची तेरवी

वर्धाकाठ:
आजी गेली तेव्हा सोयाबीनची सोंगणी तोंडावर होती. काकांनी गावात निरोप दिला, "शुक्रवारी तेरवी हाय, सारे येजा." शुक्रवार म्हणजे आजीचा पाचवा दिवस. पुण्याहून आलेल्या आतेभावानं विचारलं, "पाचव्याला तेरवी कशी?" गावात कोणालाच हा प्रश्न पडला नव्हता. तिकडे म्हणतात ‘तेरावा’, आमची ‘तेरवी’ स्त्रीलिंगी. ही आली कुठून, आणि तिच्यातला तेरा गेला कुठे?

संत्राबाग:
भाऊ, ही हिंदीतली ‘तेरहवीं’ वाटते. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होती. कचेरीत, बाजारात हिंदी कानावर पडतच होती.

वर्धाकाठ:
हिंदीचा शेजार मान्य. पण दिवसावरून विधीला स्त्रीलिंगी नाव देणं मराठीलाही नवं नाही. बाळंतिणीच्या घरची ‘पाचवी’ बघा. ‘सटवी’ तर षष्ठीवरूनच आली. मला वाटतं, ‘तेरावा’ हा दिवस आणि ‘तेरवी’ हे कार्य. म्हणून "तेरवी तेराव्यालाच केली" असं आमच्याकडे मुद्दाम सांगावं लागतं, आणि ते वाक्य कोणाला विचित्र वाटत नाही.

शेंडगाववाली:
मग बारशाला का सोडता? त्यातही बारा आहेतच. माझ्या भाचीचं बारसं सव्वा महिन्यानं झालं, कोणी दिवस मोजले नाहीत. आकडा विरतो, उरतं ते जेवण. "तेरवीले गेल्तो" म्हणजे पंगतीला बसून आलो. ही पंगत कर्ज काढूनही घालतात, याचा मला राग आहे. आमच्या गावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण घातलं होतं. जातभाई चिडले, पण बारसं बारसंच राहिलं. तेरवीही साध्या वरण-भातावर होऊ शकते, शब्दाची काही आडकाठी नाही.

मास्तर, धारणी:
ताईंचं बरोबर आहे, आणि हे आपल्यापुरतंच नाही. ज्यूंच्या सुतकाला ‘शिवा’ म्हणतात, म्हणजे हिब्रूत सात. मध्येच मोठा सण आला तर ते सुतक तिथेच संपतं, चार दिवसांचं झालं तरी नाव ‘शिवा’च. आपल्याकडच्या मुसलमान घरांतलं मृत्यूनंतरचं ‘चेहलुम’ हे फारसीतल्या चाळीसवरून आलेलं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक आर्नोल्ड व्हान गेनेप यांनी १९०९ मध्ये अशा संस्कारांचे तीन टप्पे मांडले: तुटणं, अधांतरी राहणं, पुन्हा जोडलं जाणं. आपलं सुतक हा मधला टप्पा. देवपूजा बंद, गोडधोड बंद, घर गावापासून जरा बाजूला. तेरवीच्या पंगतीला गाव त्या घरचं अन्न खातं आणि घर परत गावात येतं. म्हणून मला पंगत निव्वळ उधळपट्टी वाटत नाही. कर्जाबद्दल मात्र ताईंशी सहमत.

इथे मेळघाटात कोरकू आदिवासींची, मृतांसाठी करायची ‘सिडोली’ असते. तिच्या नावात आकडाच नाही. घरात धान्य-पैसा जुळला की करायची, मग काही वर्षं का लोटेनात. मृतासाठी कोरलेला लाकडी खांब उभा करतात, त्याला ‘मुंडा’ म्हणतात. शेती आणि पैसा पाहून दिवस ठरवायचा, हे त्यांच्या शब्दाला पहिल्यापासून ठाऊक आहे. आपण तेच आता करू लागलो, नाव जुनं ठेवून.

वर्धाकाठ:
मास्तर, ‘घर परत गावात येतं’ हे वाचून थांबलो. पाचव्या दिवशी पंगत उठली, सहाव्याला सारे वावरात. घर परत आलं खरं. पण खऱ्या तेराव्या दिवशी आई पहाटे उठली, भाकरीचा तुकडा आणि दही घेऊन छपराच्या कवेलूवर ठेवून आली, कावळा येईपर्यंत अंगणात उभी राहिली. मी विचारलं, "आज काय हाय?" तिला नाव सांगता येईना. तेरवी तर होऊन गेली होती. "आज बुढीचा दिवस हाय," एवढंच म्हणाली.

कोणाकडे या दिवसाला वेगळा शब्द असेल तर सांगा.