विषय: शाळेचा नवा ड्रेस कोड आणि आपली गणपतीची नोटीस

सोमवार, रात्री ९:४०
काका (सल्लागार समिती)

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतल्या आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची मीटिंग पुढच्या मंगळवारी आहे. ड्रेस कोड कडक करायचा, जमलं तर सरळ युनिफॉर्मच आणायचा, असा विषय आहे. माझं मत स्पष्ट आहे, आपल्या मराठी मंडळाने पत्र लिहून पाठिंबा द्यावा.

मी मिरजेत नगरपालिकेच्या शाळेत शिकलो. खाकी चड्डी, पांढरा शर्ट, वर्षाला दोन जोड. वर्गात डॉक्टरांचा मुलगा तेच घालायचा आणि माझे वडील रेल्वेत खलाशी, मीही तेच घालायचो. कपड्यांवरून कुणाची ऐपत कळायची नाही. इथे माझी नात एका हुडीपायी दोन दिवस जेवली नाही, का तर वर्गात सगळ्यांकडे त्याच ब्रँडची आहे. बघवत नाही हो हे. आणि युनिफॉर्म ही काही फक्त आपल्याकडची जुनी खोड नाही, कॅलिफोर्नियात लाँग बीचने १९९४ साली आपल्या शाळांना युनिफॉर्म लावला, १९९६ मध्ये खुद्द क्लिंटननी स्टेट ऑफ द युनियनच्या भाषणात त्याची बाजू घेतली. आपल्या न्यू जर्सीत वाइल्डवुड या समुद्रकाठच्या गावाने २०१३ मध्ये किनाऱ्यालगतच्या फिरायच्या रस्त्यावर, बोर्डवॉकवर, पँट कमरेच्या तीन इंच खाली दिसली तर दंड लावला, पहिल्या खेपेला २५ ते १०० डॉलर, पुढे २००. आपण सगळे पोराबाळांना घेऊन तिथे जातो, मग काय चुकलं त्यांचं?

गणपतीच्या नोटिशीत 'मुलींनी अंगभर कपडे घालून यावे' हे वाक्य माझ्याच आग्रहाने आलंय. कुणाला खटकलं असेल तर मोकळेपणाने लिहा.

काका

मंगळवार, रात्री ११:१५
नववीतल्या मुलीची आई

काका, खटकलंय म्हणूनच लिहितेय, आणि तुम्ही मोकळेपणाने लिहा म्हणालात म्हणून सगळंच लिहिते, मेल लांबेल.

गेल्या सप्टेंबरात ते ९५ डिग्री फॅरनहाइटवाले दिवस आठवतायत ना, शाळेच्या वरच्या मजल्यावर एसी नाही. माझी लेक साधी शॉर्ट्स आणि बिनबाह्यांचा टॉप घालून गेली. दुसऱ्या तासाला कॉरिडॉरमध्ये थांबवलं, हात सरळ खाली सोडायला लावले, कारण नियम असा की शॉर्ट्स बोटांच्या टोकांच्या खाली यायला हव्यात. ती पाच फूट सात इंच, हात तिच्या आजोबांसारखे लांबच लांब. तीच शॉर्ट्स, त्याच दुकानातली, तिच्या बुटक्या मैत्रिणीने घातलेली, ती पास. हिला लॉस्ट अँड फाउंडच्या खोक्यातला करडा टीशर्ट आणि ट्रॅकपँट दिली, टीशर्टच्या कॉलरला आतून कुठल्या तरी मुलाचं नाव मार्करने लिहिलेलं. अल्जिब्राची क्विझ बुडली. मी घ्यायला गेले तर गाडीत बसली आणि घरापर्यंत ती कॉलर मुठीत धरून ठेवली, म्हणजे ते नाव कुणाला दिसू नये. मग रात्री विचारलं, आई माझे हात लांब आहेत यात माझी काय चूक? माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाहीये.

आणि काका, मला ते नवीन नव्हतंच. नाशिकला आमच्या शाळेत सोमवारी प्रार्थनेनंतर मुलींना शहाबादी फरशीवर गुडघे टेकायला लावायचे, स्कर्ट फरशीला टेकला पाहिजे. वर्षात मुलगी चार इंच वाढते, स्कर्ट तोच असतो. माझा टेकला नाही तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर ब्लेडने माझ्या स्कर्टची टीप उसवली, दिवसभर ती दोऱ्याची लोंबती कड घेऊन बसले होते. मुलांच्या चड्ड्या कुणी मोजल्या नाहीत. तुम्ही म्हणता युनिफॉर्मने सगळे सारखे दिसायचे, तुमच्या बाकावर खरंच दिसत असतील, आमच्या बाजूला नाही.

हे फक्त माझं रडगाणं नाही. सरकारी कारभार तपासणाऱ्या, इथल्या सरकारच्याच जीएओ या संस्थेने २०२२ मध्ये देशभरच्या शाळांचे नियम तपासले, त्यात मुलींच्या कपड्यांवर बंदी घालणारे ड्रेस कोड ९० टक्क्यांच्या वर निघाले आणि मुलांच्या कपड्यांवर बंदी घालणारे ६९ टक्के. नॉर्थ कॅरोलायनात सरकारी पैशावर चालणाऱ्या एका चार्टर शाळेत मुलींना स्कर्टच घालायची सक्ती होती, पँट चालायची नाही, कारण काय तर मुलग्यांनी मुलींशी अदबीने वागायला शिकावं. पालक कोर्टात गेले, २०२२ मध्ये फोर्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने तो नियम घटनाबाह्य ठरवला, पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने शाळेचं अपील ऐकायलाही घेतलं नाही. थंडीत उघड्या पायांनी बसायचं मुलींनी, आणि शिकायची अदब मुलांनी, हे कुठलं शिक्षण?

आता वाइल्डवुड. दंड ऐकायला किरकोळ वाटतो. पण कपड्यावरून माणसाला अडवायचा अधिकार पोलिसाच्या हातात दिला की तो कुणाला अडवणार ते मला माहितीये आणि तुम्हालाही. लुइझियानात डेलकँबर नावाच्या छोट्या गावाने २००७ मध्ये खाली ओघळलेल्या पँटसाठी ५०० डॉलर दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली होती. तिथल्याच श्रीव्हपोर्टमध्ये २०१९ च्या फेब्रुवारीत पोलिसांनी एका ३१ वर्षांच्या काळ्या माणसाला पँट खाली दिसते म्हणून हटकलं, तो पळाला, त्यात त्याचा जीव गेला. गोळी त्याने स्वतःच झाडून घेतली असं मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याने, कॉरोनरने, सांगितलं, पण काका, सुरुवात पँटपासून झाली होती. चार महिन्यांत शहराने तो नियमच रद्द केला. मला दिसणारी चड्डीची पट्टी आवडते का, अजिबात नाही, माझ्या भाच्याला मी तोंडावर सांगते वर घे म्हणून. ते सांगायला मावशी आहे, पोलीस कशाला हवा?

शाळेने काही म्हणायचंच नाही असं मी म्हणत नाही. लॅबमध्ये गॉगल आणि बंद बूट हवेतच, वुडशॉपमध्ये केस बांधायलाच हवेत, टीशर्टवर कुणाच्या जातीधर्माला रंगाला शिवी असेल तर तो काढायलाच लावा. हे नियम मुलगा मुलगी दोघांना एकच आहेत आणि त्यासाठी कुणाच्या मांडीला पट्टी लावावी लागत नाही.

चमकीचं राहिलं. आपल्यातल्या कितीतरी मुली नाक टोचतात, आजीची हौस असते. नव्या ड्रेस कोडच्या मसुद्यात 'चेहऱ्यावर कुठलंही पिअर्सिंग नाही' असं लिहिलंय, कुणी वाचलं का? साउथ आफ्रिकेत डर्बनला मुलींच्या शाळेत अशीच केस झाली, दक्षिण भारतीय तमिळ घरातली मुलगी, सोन्याची बारीक चमकी, शाळा म्हणाली काढ. २००७ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने मुलीच्या बाजूने निकाल दिला. धर्माची सक्ती नसली तरी घरची रीत ती मनापासून पाळते, तेवढं पुरे, शाळेने तिला सूट द्यायला हवी होती, असं कोर्ट म्हणालं. युनिफॉर्म वाईट असं ते म्हणाले नाहीत काका, ही तुमची बाजूही लिहिते. पण आपण पाठिंब्याचं पत्र पाठवलं तर आपल्याच मुलींच्या नाकातली चमकी काढायला सही करतोय.

नोटिशीतलं ते वाक्य काढावं ही विनंती.

बुधवार, दुपारी १२:५०
सायन्सवाले सर (दोन गावं पलीकडून)

ताई, पूर्ण सहमत. मी अकरा वर्षं मिडल स्कूलला शिकवतोय, त्यातली तीन युनिफॉर्मवाल्या शाळेत, म्हणून काकांसाठी आतली गोष्ट सांगतो. युनिफॉर्म आला की भांडण संपत नाही, खाली सरकतं. पोलो शर्ट सगळ्यांचा सारखा, मग बूट बघायचे, बूट १८० डॉलरचे की वॉलमार्टचे ते मुलांना लांबून कळतं. आणि आमचा वेळ, पोलोच्या आत घातलेला टीशर्ट पांढरा आहे का क्रीम आहे यावर मी पहिल्या तासाची पहिली सात मिनिटं घालवलीयत, घड्याळ लावून. तेवढ्या वेळात एक प्रयोग मांडून होतो.

कोर्टाचं म्हणाल तर लोक नेहमी आयोवातल्या डी मॉइनच्या शाळांच्या केसमधला सुप्रीम कोर्टाचा १९६९ चा निकाल सांगतात, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध काळ्या फिती बांधून आलेली मुलं, शाळेच्या फाटकाशी हक्क गळून पडत नाहीत वगैरे. पण त्याच निकालात स्पष्ट लिहिलंय की हा प्रश्न स्कर्टच्या लांबीचा किंवा केसांच्या स्टाइलचा नाही. म्हणजे मंगळवारी बोर्डासमोर 'हे घटनाबाह्य आहे' म्हणून उभं राहू नका, त्यांचा वकील हे पहिल्या मिनिटाला काढेल. काय नुकसान होतं ते सांगा, टीशर्ट आणि क्विझचं सांगा.

केसांचं मात्र आपल्या राज्यात ठरलंय. २०१८ च्या डिसेंबरमध्ये साउथ जर्सीत कुस्तीच्या मॅचला रेफरीने एका काळ्या मुलाला सांगितलं, जटा काप नाहीतर मॅच सोड, आणि मॅटच्या कडेला उभं करून ट्रेनरने त्याच्या जटांना कात्री लावली. बरोबर एक वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ ला, गव्हर्नर मर्फींनी क्राउन अ‍ॅक्टवर सही केली, आता तसल्या केसांवरून भेदभाव करता येत नाही. कायदा हवा तर असा हवा, मुलाच्या बाजूने उभा राहणारा.

बुधवार, रात्री १०:०५
चिपळूणच्या ताई

मी सहसा लिहीत नाही, मोदक वळायला येते तेव्हाच सगळ्यांशी बोलणं होतं. पण हा विषय माझ्या घरातला आहे. माझी भाची गोवंडीला राहते, डोक्यावर ओढणी घेऊन कॉलेजला जाते. २०२४ मध्ये तिच्या घराजवळ, चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाब, बुरखा, टोपी सगळं बंद केलं, त्याच उन्हाळ्यात फाटक्या जीन्स आणि टीशर्टही बंद केले. मुली हायकोर्टात गेल्या, जूनमध्ये हरल्या, मग ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाने हिजाब आणि टोपीवरची बंदी तात्पुरती थांबवली, वर्गात बुरखा नको एवढं मात्र ठेवलं. न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं होतं, टिळा किंवा टिकली लावून येऊ नका असं सांगाल का?

भाची त्या कॉलेजात नाही, पण त्या दोन महिन्यांत तिने रोज बॅगेत एक जादा स्कार्फ ठेवला, आपल्याकडेही गेटवर काढायला लावला आणि हरवला तर परत येताना काय घेऊ म्हणून. अठरा वर्षांची मुलगी परीक्षेला जाताना पेनाआधी हे तपासते. मंडळाचं पत्र गेलं आणि त्यात 'सर्वांना सरसकट' असा शब्द असला तर माझ्यासारखीने त्याच्याखाली कशी सही करायची ते सांगा.

गुरुवार, सकाळी ६:३०
काका

सगळ्यांच्या मेल दोनदा वाचल्या. नातीला काल फोन करून विचारलं, तुमच्याकडे पट्टी लावतात का. ती म्हणाली आजोबा, लावतात, सहावीपासून. मला तीन वर्षं हे माहीत नव्हतं.

युनिफॉर्मबद्दलचं माझं मत मात्र तेच राहील. गरीब घरातल्या पोराला रोज सकाळी आज काय घालू याची लाज काय असते ती मी मिरजेच्या बाहेरही पाहिलीये, आणि सर, बुटांचं तुम्ही म्हणता ते खरं असेल पण पाच गोष्टींपैकी चार सारख्या झाल्या तरी त्या पोराला तेवढा श्वास मिळतो. ते मी माझ्या नावाने बोर्डाला लिहीन. मंडळाचं पत्र नको, मी प्रस्ताव मागे घेतो. ताई, तुमच्या सहीचा विचार माझ्या मनात आला नाही हे माझ्याकडून चुकलं.

नोटीस तुम्हीच लिहा, मी फॉरवर्ड करतो.

गुरुवार, सकाळी ८:१०
नववीतल्या मुलीची आई

काका, मनापासून आभार. गरीब मुलाच्या लाजेचं तुम्ही म्हणता ते मीही मंगळवारी बोलणार आहे, शाळेत कपड्यांचं एक कपाट ठेवा, नवे धुतलेले, कुणाचं नाव न लिहिलेले, कुणालाही न विचारता घेता येतील असे. तेवढं मागायला बोर्डाला नियम लागत नाही.

नोटीस अशी करूया:

'गणपतीला सगळ्यांनी आपल्या आवडीचे, सणाचे कपडे घालून यावे. नऊवारी नेसायची असेल तर दोन मावश्या सकाळी नऊपासून मागच्या खोलीत आहेत, सेफ्टी पिना आणा. लेझीम आणि ढोलाच्या पथकात असणाऱ्या मुलामुलींनी बूट घालावे, जिमची फरशी गुळगुळीत आहे, गेल्या वर्षी दोघं घसरून पडले.'

माझ्या गाडीत मंगळवारी तीन जागा आहेत. लेकही येतेय, तिला बोलायचंय, तीन मिनिटं मिळतात. काका, तुम्हाला साडेसहाला घ्यायला येऊ का?