बाबांचे मेसेज मला दिसतात, त्यांना ते माहीत नाही. हे कितपत कायद्यात बसतं?

मधली_लेक

जरा लांब आहे, पण पूर्ण वाचून मगच उत्तर द्या ही विनंती.

गेल्या वर्षी बाबांना (वय ७६) मेसेज आला: पार्सल अडकलंय, पत्ता पक्का करा, खाली लिंक. बाबा ड्राफ्ट्समन होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकाशातली अर्ध्या मिलिमीटरची चूक काढणारा माणूस. मेसेजमधलं शुद्धलेखन चुकलेलं त्यांच्या लक्षातही आलं होतं म्हणे, पण नेमकं त्या आठवड्यात खरंच एक पार्सल यायचं होतं. कार्डाचा नंबर भरला, मग फोन आला तेव्हा ओटीपीही वाचून दाखवला. दुसरा व्यवहार बँकेनं अडवला म्हणून निम्म्यावर निभावलं.

पुढच्याच आठवड्यात मी "फोन जरा साफ करून देते" म्हणून त्यांचा फोन घेतला आणि त्यात आलेले एसएमएस माझ्याकडे पाठवणारं एक ॲप टाकलं. त्यांचं व्हॉट्सॲपही माझ्या लॅपटॉपला जोडलं. खोटं बोलले, मान्य आहे.

उपयोग झाला नाही असं नाही. तसलेच आणखी दोन मेसेज आले, ते मी आधी पाहिले आणि सहज फोन केल्यासारखं करून "असं काही आलं तर हात लावू नका हं" असं सांगितलं. बाबांना वाटलं, पोरीला बरोबर वेळेवर सुचतं.

मागच्या मंगळवारी एका तपासणी केंद्राचा मेसेज आला, रिपोर्ट तयार आहे म्हणून. तासाभरानं त्यांच्या जुन्या मित्राचा: "मुलींना मी काही बोललो नाही, तुझ्या शब्दाखातर. पण असं किती दिवस?"

तेव्हापासून माझी पंचाईत झाली आहे. विचारायचं तर मला कळलं कसं हे सांगावं लागणार, आणि विचारलं नाही तर झोप लागत नाही. दिवसातून तीनदा फोन करून "बरे आहात ना" विचारते. काल म्हणाले, "आज काय विशेष?"

तर प्रश्न असे. पोटच्या मुलीनं काळजीपोटी केलं तरी हा गुन्हा होतो का? ते एकदा फसले आहेत, वय झालंय, यानं काही फरक पडतो का? आणि फसवणुकीनंतर ते वैतागून म्हणाले होते, "आता तूच बघ बाई माझा फोन." ही परवानगी धरता येईल का?

---

निवृत्त_कारकून

मी वकील नाही. वकिलाच्या ऑफिसात २६ वर्षं फायली लावल्या, त्यात निम्म्या घरच्याच भांडणांच्या. त्या हिशेबानं वाचा. तुम्ही कुठल्या देशात राहता ते लिहिलेलं नाही, लिहूही नका. पण कायदा जागेप्रमाणे बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणचं सांगतो.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ आहे. मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या संगणकात शिरणं किंवा त्यातली माहिती उतरवून घेणं याबद्दल नुकसानभरपाई मागता येते, आणि मोबाइलही त्यात आला. हेच अप्रामाणिक किंवा कपटाच्या हेतूनं केलं तर कलम ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा हेतू चांगला होता, त्यामुळे ६६ तुमच्यावर सहजी बसणार नाही. पण ४३ हेतू विचारतच नाही. ते परवानगी विचारतं. तिथे "मी मुलगी आहे" याला वेगळा रकाना नाही.

जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ तुम्हाला लागू नाही, ते पुरुषानं बाईवर ठेवलेल्या पाळतीचं आहे. तरी इथले नवरेलोक वाचत असतील म्हणून सांगतो. बाईच्या ईमेल-मेसेजवर नजर ठेवणं हाही त्यात पाठलागच, पहिल्या वेळी ३ वर्षांपर्यंत. दंड संहितेत हे २०१३ मध्ये आलं, तेव्हापासून आहे. नवऱ्याला सूट असल्याचं त्यात मला तरी कुठे सापडलं नाही.

अमेरिकेत १९८६ चा कायदा आहे. वाटेतला मेसेज पकडणं हा केंद्रीय गुन्हा, ५ वर्षांपर्यंत कैद. साठवलेले मेसेज उघडून वाचणं याला त्याच कायद्यात वेगळा भाग आहे. केंद्रीय कायद्याला संवादातल्या एका बाजूची संमती पुरते, कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत सगळ्यांची लागते. ही "एक बाजू" लोक नेहमी चुकीची समजतात. ती बाजू म्हणजे तुमचे बाबा किंवा त्यांचा मित्र. तुम्ही त्या संवादात नाहीच.

ऑफिसवाले अधूनमधून इथे विचारतात, म्हणून तेही घ्या. रुमानियातल्या एका अभियंत्याला कंपनीच्या मेसेंजरवर खासगी गप्पा मारल्या म्हणून काढलं होतं. २०१७ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. पाळत कशा प्रकारची आणि किती खोल असेल हे त्याला आधी सांगितलेलं नव्हतं, हा त्यातला मोठा मुद्दा होता. म्हणजे खातं कामासाठी काढलेलं असलं तरी न सांगता आतलं वाचणं चालून गेलं नाही.

आता "तूच बघ बाई". आमच्या ऑफिसात असली वाक्यं फार यायची. ते त्या दिवशी पार्सलवाल्यावर चिडले होते, वैतागात बोलले. त्यातून फार तर "बँकेचे मेसेज बघ" एवढं निघेल. मित्राचं बोलणं वाचायची मुभा निघत नाही. आणि ते ॲप टाकताना तुम्ही "साफ करते" म्हणालात, म्हणजे परवानगी आहे असं तुम्हालाही वाटत नव्हतं.

वयाचं म्हणाल तर ७६ वर्षांचा शुद्धीतला माणूस स्वतःचे निर्णय स्वतः घेतो, चुकीचे घ्यायचे असतील तरी. न्यायालयानं पालक नेमला असेल किंवा त्यांनी मुखत्यारपत्र दिलं असेल तर गोष्ट वेगळी, तीही त्यात जेवढं लिहिलंय तेवढीच.

---

रोखठोक_राव

घरातल्या गोष्टीला कायदा कशाला लावता? बाप आहे, परका नाही. मी तर घरातल्या सगळ्यांचेच बघतो. कुणी तक्रार केलेली नाही.

---

निवृत्त_कारकून

राव, त्यांना माहीत आहे का?

---

पोर्ट_२२

कायदा वर आला. माझा धंदा नेटवर्कचा, तेवढ्यापुरतं बोलतो.

ताई, ते पुढे पाठवणारं ॲप आधी काढा. वाद नंतर. बाबांचा एसएमएस तुमच्याकडे थेट येत नाही, बहुतेक वेळा तो त्या ॲपवाल्याच्या सर्व्हरवरून येतो. म्हणजे बाबांचे ओटीपी गेले कित्येक महिने एका अनोळखी कंपनीकडून फिरून येत होते. ज्या चोरीच्या भीतीनं कुलूप घातलंत, त्या कुलपाची एक किल्ली तिसऱ्याकडे आहे. गूगलनं २०१८ च्या शेवटी आपल्या स्टोअरवरच्या ॲपना एसएमएस वाचायची परवानगी देण्याचे नियम कडक केले, ते उगाच नाही. तुम्ही स्टोअरबाहेरून फाइल उतरवून टाकली असेल तर फोनची सुरक्षा सेटिंगही सैल केली असणार. ती परत घट्ट करा.

हेरगिरीच्या ॲपचा धंदा किती स्वच्छ असतो याचा नमुना: २०२१ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 'स्पायफोन'वर बंदी आणली. गुपचूप गोळा केलेला डेटा पुसायला लावला आणि ज्यांच्या फोनवर ते बसवलं होतं त्यांना कळवायलाही लावलं. त्यांच्याकडून आधी डेटा चोरीलाही गेला होता. त्याआधी २०१४ मध्ये 'स्टेल्थजिनी' विकणाऱ्याला तिथल्याच न्यायालयात गुन्हा कबूल करून ५ लाख डॉलर दंड भरावा लागला.

व्हॉट्सॲपचं सांगायचं तर जोडलेल्या उपकरणांची यादी सेटिंगमध्ये उघड दिसते, तुमचा लॅपटॉप शेवटचा कधी वापरात होता त्याच्यासकट. अर्ध्या मिलिमीटरची चूक काढणाऱ्या माणसानं ती अजून पाहिली नसेल याची मला खात्री नाही.

फसवणूक टाळायची असेल तर मेसेज वाचायची गरजच नाही. बँकेला सांगून व्यवहाराची सूचना दोन ठिकाणी जाते का बघा. रोजच्या व्यवहाराची मर्यादा खाली आणा. ऑनलाइन खरेदीला थोडेच पैसे असलेलं वेगळं खातं ठेवा. अनोळखी नंबरवरून आलेले मेसेज वेगळ्या कप्प्यात टाकायची सोय बऱ्याच फोनमध्येच असते. यातलं सगळं त्यांच्याच हातून करून घेता येतं.

---

पिवळा_कागद

मी दुसऱ्या बाजूचा. वय ७२.

माझ्या मुलानं हेच केलं होतं, याच कारणासाठी. मला कसं कळलं? बहिणीला मी लिहिलं होतं की गुडघा फार दुखतो, जिना नको वाटतो. दोन दिवसांनी मुलगा म्हणाला, "बाबा, खालच्या खोलीत झोपत जा, जिना कशाला चढता." बहिणीला विचारलं, ती म्हणाली मी नाही सांगितलं. मग उरलं कोण?

मी त्याला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी त्याच्यासाठी मेसेज लिहायला लागलो. म्हणजे पाठवायचो बहिणीला, पण तो वाचणार हे धरून. तब्येत छान आहे, जेवण झालं, फिरून आलो. बहीण बुचकळ्यात पडली. मग तिला खरं ते कागदावर लिहून पोस्टानं पाठवायला लागलो, आठ महिने. तिचीही उत्तरं कागदावर. एका उत्तरात तिनं विचारलं होतं, "माझे मेसेजही तो वाचतो का रे?" मी काय लिहिणार? तिला कुणी विचारलं होतं?

मुलगा वाईट नाही. आजही तोच माझी औषधं आणतो. पण त्या आठ महिन्यांत त्याला माझ्याबद्दल जे जे कळलं, ते मी त्याच्यासाठी रचलेलं होतं.

ताई, त्या मित्राचा मेसेज तुमच्यासाठी नव्हता. तुमच्या बाबांनी एकाला सांगितलं आणि तुम्हाला अजून सांगितलेलं नाही, यामागे त्यांचं काही गणित असेल. ते चुकीचंही असेल. पण ते त्यांचं आहे.

---

मधली_लेक

सगळ्यांना उत्तर देते. पिवळा कागद काका, तुमचं वाचून दोन दिवस काहीच लिहिता आलं नाही.

काल गेले आणि सांगितलं. रडायचं नाही ठरवलं होतं, ते जमलं नाही. बाबांनी एकच विचारलं, "कधीपासून?" तारीख सांगितली. मग म्हणाले, दाखव. माझ्या फोनवर आलेले त्यांचे सगळे मेसेज त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून वाचले. चाळीस मिनिटं. मी समोर बसून. मधे एकदा हसले, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या मेसेजला. मित्राच्या मेसेजवर थांबले, पुढे गेले.

पोर्ट_२२, तुमचा अंदाज खरा निघाला. यादीत लॅपटॉप त्यांनी फेब्रुवारीतच पाहिला होता. "म्हटलं, तू सांगशील," म्हणाले. यावर मला अजून काय वाटावं ते कळलेलं नाही.

ॲप त्यांनी स्वतः काढलं, लॅपटॉपची जोडणीही स्वतः तोडली. सेटिंग पुन्हा घट्ट केली. व्यवहाराची मर्यादा आम्ही दोघांनी बसून खाली आणली, किती ते त्यांनी ठरवलं. बँकेच्या सूचना माझ्याकडेही याव्यात हे त्यांनीच सुचवलं आणि एका कागदावर लिहून सही केली: "फक्त बँक." खाली तारीख, आणि ड्राफ्ट्समनच्या सवयीनं दोन रेघा.

रिपोर्टचं त्यांनी काढलं नाही, मीही नाही. निघताना म्हणाले, शुक्रवारी दुपारी एके ठिकाणी जायचंय, गाडी चालवशील का. मी हो म्हणाले, कुठे ते विचारलं नाही.