मदत हवी आहे: रोलप्ले सर्व्हरवर टिकूच देईनात

उदगीरी_डाळ
रोलप्ले, म्हणजे ऑनलाइन गेममध्ये एक पात्र बनून त्याच्यासारखं वागायचं, ते खेळणारं कोणी आहे का इथं? सर्व्हरवर जरा बसलो की अॅडमिन बाहेर काढायलाय. कारण विचारलं तर म्हणे 'मेटा' आणि 'व्हीडीएम', रुल्स वाच. रुल्स सगळे इंग्लिशमध्ये, संपता संपेनात. आज रात्री दोस्तांसोबत खेळायचंय, थोडक्यात सांगा. माइकबी चालत नाही, तो त्याच्यामुळंच का?

परभणी_पॉइंट
गेम कोणता? मोबाइल का पीसी?

उदगीरी_डाळ
जीटीए. पीसी.

परभणी_पॉइंट
अरे मालक, जीटीए फाइव्ह का सॅन अँड्रियास? फाइव्हवर असशील तर फाइव्हएम, म्हणजे लोकांनी चालवलेल्या सर्व्हरवर खेळायचं सॉफ्टवेअर, टाकलंय ना? सर्व्हर सगळ्यांना खुला आहे का फॉर्म भरून घेतात? आणि काढलं तेव्हा तू नेमकं काय करत होतास?

उदगीरी_डाळ
फाइव्हएम. सर्व्हर खुला आहे. काही करत नव्हतो, गाडी चालवत होतो. दोस्त कुठंय ते विचारून त्याच्याकडं गेलो एवढंच.

बिनपगारी_फौजदार
कुणाला विचारून? डिस्कॉर्डवर, त्या गेमबाहेरच्या कॉल-चॅटच्या ॲपवर ना? मग 'मेटा' त्यालाच म्हणतात. तुझ्या पात्राला शहरात जे दिसलं, ऐकू आलं किंवा गेममधल्या फोनवर कळलं, तेवढंच त्याला माहीत. दोस्त डिस्कॉर्डवर म्हणाला 'मी बँकेपाशी आहे' आणि तू थेट तिथं पोचलास, तर ती माहिती बाहेरून आली. स्ट्रीम बघून कुणाला गाठणं, डोक्यावर दिसणारं नाव वाचून अनोळखी माणसाला नावानं हाक मारणं, हेही त्यातच येतं.

व्हीडीएम म्हणजे गाडी हत्यारासारखी वापरणं. नवीन पोरं लीजन स्क्वेअरमध्ये, गेममधल्या शहराच्या मधल्या चौकात, सुसाट येतात, दोघांना उडवतात आणि पुढं निघून जातात. धक्का लागणं गुन्हा नाही, निघून जाणं गुन्हा. गाडी थांबव, उतर, 'दादा लागलं का' म्हण, अँब्युलन्सला फोन लाव. तोच तुझा पहिला सीन.

उदगीरी_डाळ
मग दोस्ताशी बोलायचंच नाही का? एकत्र खेळायचं कसं?

बिनपगारी_फौजदार
बोला की, पण शहरात. खेळताना डिस्कॉर्डचा कॉल बंद. दोघं एका ठिकाणी गाठ घ्या, गेममधले फोन नंबर एकमेकांना द्या, पुढचं सगळं त्यावर. बऱ्याच सर्व्हरवर फोन ही गेममधली वस्तू असते, नसला तर पहिले दुकानातून घ्यावा लागतो. आणि गेममध्ये मेलास, दवाखान्यात उठलास, की बहुतेक सर्व्हरवर कुणी मारलं ते विसरायचं, लगेच बदला घ्यायला जायचं नाही. यात सर्व्हरगणिक फरक आहे, तेवढा एक रूल तरी वाच.

गोदाकाठ
फाइव्हएमच्या नादी कशाला लागता? गेमच शंभर जीबीच्या वर, त्यात हार्ड डिस्क असली तर रस्ता लोड व्हायच्या आत गाडी जमिनीखाली. सॅन अँड्रियासवर ओपन डॉट एमपी टाका, फाइव्हएमसारखंच पण त्या जुन्या गेमसाठी, जुन्या पीसीवर पळतं. सगळं टाइप करून. माइकचा प्रश्नच मिटला. आणि लिहून खेळलं की रोलप्ले नीट शिकता येतो, आवाजावर खेळणारे नुसते ओरडतात.

परभणी_पॉइंट
टायपिंगवाल्यांचं एक वाक्य येईस्तोवर चहा होतो. नवीन माणसाला आवाजच सोपा.

गोदाकाठ
मग आवाजवाल्यांना चॅटमधली स्लॅश-मी कमांड नीट का लिहिता येत नाही? दर दुसरा माणूस 'पोलिसाला ढकलून पळून जातो' असं लिहितो. ढकलला गेला का नाही हे समोरच्यानं ठरवायचं. 'ढकलायचा प्रयत्न करतो' लिहायचं आणि थांबायचं. निकाल स्वतःच लिहिला की पॉवरगेमिंग, त्यालाही किक बसते, म्हणजे सर्व्हरबाहेर काढतात.

बिनपगारी_फौजदार
हे मात्र गोदाकाठ बरोबर सांगतायत. स्लॅश-मी म्हणजे पात्र काय करतंय, स्लॅश-डू म्हणजे आजूबाजूला काय आहे किंवा समोरच्याला विचारलेला प्रश्न. पोलिसानं गाडी अडवली तर असं चालतं:

पोलीस: स्लॅश-मी डिकी उघडून बघतो
पोलीस: स्लॅश-डू डिकीत काय दिसतं?
तू: स्लॅश-डू दोन पोती, एकाचं तोंड सुटलेलं, आत नट खोलायचे पाने आणि लोखंडी टॉमी

कमांड इंग्लिश अक्षरात टाइप कर, पुढचं वाक्य चॅटमध्ये मराठी अक्षरं दिसत असतील तर मराठीत. चौकटी दिसल्या तर रोमनमध्ये. स्लॅश-डूला उत्तर देताना खोटं लिहायचं नाही. डिकीत माल असेल तर आहे म्हणायचं. तोंडानं हवं तेवढं खोटं बोल, ते पात्र बोलतंय.

औंढा_गेमर
साठ हजारात लॅपटॉप घ्यायचा तर सोळा जीबी रॅम आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड बघूनच घ्या. एसएसडी पाचशे बारा तरी.

परभणी_पॉइंट
लॅपटॉप कोणी विचारला?

उदगीरी_डाळ
माइकचं सांगा ना कोणीतरी. मोबाइलचा हेडफोन आहे, मोबाइलवर मस्त चालतो.

मुखेड_मेकॅनिक
डेस्कटॉपला मागं हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं आहेत का? मोबाइलच्या हेडफोनची पिन एकच, त्यात आवाज आणि माइक दोन्ही. ती हिरव्यात लावली की ऐकू येतं, माइक मुका. एका पिनचे दोन करणारा स्प्लिटर घे, मोबाइल ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो. माइकचं चित्र असलेली पिन गुलाबीत. उलटं दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर देतील, तो नको.

मग विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनला परवानगी, खालचं डेस्कटॉप ॲपचं बटणही चालू. शेवटी गेमच्या सेटिंगमध्ये व्हॉइस चॅट चालू करून इनपुट डिव्हाइस निवड. साधारण एन दाबून धरलं की आवाज जातो. जवळच्यालाच ऐकू येतो, कुजबुज आणि ओरडणं यांची बटणं सर्व्हर सांगेल.

नर्सी_नेटवाला
पहिल्यांदा सर्व्हरला जोडताना गाड्या, कपडे, नकाशे सगळं डाउनलोड होतं, काही जीबी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा तिथंच संपेल. वायफायवर करा. मधेच अडकलं तर फाइव्हएमच्या डेटा फोल्डरमधले सर्व्हर-कॅशवाले दोन्ही फोल्डर उडवा. गेम-स्टोरेजला हात लावू नका.

अजून एक, आपल्याकडं लाइटीचा भरवसा नाही. पोलिसांनी पकडल्यावर लाइट गेली आणि तू गायब झालास तर अॅडमिनला ते पळून जाणंच वाटतं. मोबाइलवरून लगेच सर्व्हरच्या डिस्कॉर्डवर तिकीट, म्हणजे अॅडमिनला मेसेज टाक, वेळ आणि जागा लिही. नुसता राउटर इन्व्हर्टरवर असून भागत नाही, पीसीही पाहिजे.

गोदाकाठ
टायपिंगच्या सर्व्हरवरही लाइट जातेच, पण तिथं लोक ऐकून घेतात.

कळंब_क्राफ्टर
फक्त दोस्तच असतील तर माइनक्राफ्टवर गाव बसवा. सिंपल व्हॉइस चॅट मॉड (गेममध्ये वरून घालायची भर) टाकला की ४८ ब्लॉकपर्यंतच आवाज येतो, अॅडमिनची कटकट नाही. घरच्या पीसीवर सर्व्हर चालवायचा तर यूडीपी २४४५४ पोर्ट उघडावा लागतो. नेटवाल्यानं सगळ्यांना मिळून एकच पब्लिक आयपी दिला असेल तर तो उघडतच नाही, मग भाड्याचा सर्व्हर.

उदगीरी_डाळ
नको, जीटीएच पाहिजे. पात्राचं काय करू? डॉन करायचा विचार आहे.

बिनपगारी_फौजदार
सगळे डॉनच असतात. पहिल्या दिवशी डॉनला कोणी विचारत नाही, खिशात पैसा नाही, माणसं नाहीत. लोकांशी बोलावंच लागेल असं काम घे: टॅक्सी, मेकॅनिक, ट्रक. पात्राला गरज एक, खोड एक आणि भीती एक, एवढं पुरे. समज, बीडकडचा ऊसतोडीचा मुकादम, उचल वाटून बसला, टोळी पळाली, आता लॉस सँटोसमध्ये, गेममधल्या शहरात, माणसं शोधतोय. भेटेल त्याला विचारतो, 'कामाला येतो का, उचल देतो.' समोरचा हो म्हणो का नाही, बोलणं सुरू झालं. पोलिसानं बंदूक रोखली तर मुकादम हात वर करणार, उलटा धावून जाणार नाही. जिवाची भीती नसलेलं पात्र म्हणजे परत किक.

परभणी_पॉइंट
आणि भाषा? तिथं सगळे हिंदीतच बोलतात.

बिनपगारी_फौजदार
संभाजीनगरची हिंदी बोलायची. मुकादमाला शोभते.

उदगीरी_डाळ
स्प्लिटर आणला. आवाज जायलाय पण दोस्त म्हणतो घरघर येतीय.

मुखेड_मेकॅनिक
विंडोजमध्ये माइक बूस्ट कमी कर, शून्यापासून एक एक पायरी वाढव. आणि टेबल फॅन दुसरीकडं फिरव.

औंढा_गेमर
लॅपटॉपला घरघर येत नाही.

परभणी_पॉइंट
औंढा, लॅपटॉपचा वेगळा धागा काढा राव.